लिहून आण, मी सही करतो

स्वतःची स्तुती मला लिहिता येत नाही असं कोणी समजू नये. उत्तम येते. एकदा पानभर लिहिली आहे, तीही इंग्रजीत, आणि ती वाचून कोणालाही वाटावं की ही मुलगी नसती तर सूक्ष्मजीवशास्त्राचं काही खरं नव्हतं. ते पान अजून माझ्या फायलीत आहे. खाली सहीची जागा कोरी आहे आणि ती कोरी राहिली याचा मला आजही आनंद होतो.

तेव्हा मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. परदेशातल्या एका विद्यापीठात पीएच.डी.साठी अर्ज करायचा होता. फी माफ आणि वर महिन्याला विद्यावेतन, अशी जागा एकच होती. पैसे भरून शिकायला जाणाऱ्यांतले आम्ही नव्हतो, त्यामुळे माझ्या दृष्टीने जगात तेवढं एकच विद्यापीठ होतं. बाकी सगळे कागद तयार होते. राहिलं होतं फक्त शिफारसपत्र, 'ज्यांनी तुमचं काम जवळून पाहिलं आहे' अशा एका शिक्षकाचं.

मी आमच्या विभागप्रमुख सरांना जिन्यात गाठलं. माझ्या प्रकल्पाचे कागदोपत्री मार्गदर्शक तेच. म्हटलं, "सर, शिफारसपत्र हवं होतं." सर न थांबता म्हणाले, "लिहून आण, मी सही करतो." आणि उरलेल्या पायऱ्या उतरून गेले.

यात नवल काही नव्हतं. ही आमच्याकडची रीतच. पत्र विद्यार्थ्याने स्वतःच लिहायचं, पण सरांच्या आवाजात, जणू सरच आपल्यावर खूश आहेत. सर लेटरहेड देतात आणि खाली सही ठोकतात. कुठल्याशा जुन्या विद्यार्थ्याने लिहिलेला एक नमुना वर्षानुवर्षं विभागात फिरत होता. त्या बापड्याने नदीतल्या माशांच्या रोगावर काम केलं होतं. पुढच्यांनी घाईघाईत नाव बदललं आणि मासे तसेच ठेवले. आमच्या विभागातून लागोपाठ तीन वर्षं जो कोणी बाहेर गेला तो माशांचा जाणकार म्हणून गेला. पुण्याच्या मुठा नदीत मासे उरलेत का हा प्रश्न वेगळा. कोणाच्याच लक्षात आलं नाही, कारण सही करणारा ते वाचतच नव्हता.

ऑनलाइन अर्जांची तर आणखी मजा. तिथे विद्यापीठ शिक्षकाच्या ईमेलवर लिंक पाठवतं, हेतू हा की विद्यार्थ्याला पत्र दिसू नये. आमच्याकडे सर मोबाइलवर आलेला कोड मोठ्याने वाचायचे आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून विद्यार्थीच आपला फॉर्म भरायचा. त्यात एक रकाना असतो: हा विद्यार्थी तुम्ही आजवर शिकवलेल्यांत कुठे बसतो, पहिल्या पाच टक्क्यांत, दहा, की पंचवीस? माझ्या मैत्रिणीने विचारलं, "सर, काय टिक करू?" सर चहा ढवळत म्हणाले, "लाजू नकोस."

तर मीही लिहायला बसले. सगळे करतात, मग मी काय घोडं मारलं होतं? दोन दिवस घासूनपुसून पान पुरं केलं. मार्केट यार्डच्या मागे आमच्या दोन खोल्या. वडील, म्हणजे आमचे अण्णा, जेवून भिंतीला टेकले होते. अण्णा कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर तोलणार. पोती काट्यावर चढतात, अण्णा वजन पुकारतात, आणि त्यांनी पुकारलं की ते वजन दोन्ही बाजू मान्य करतात. शाळा आठवीपर्यंतच झालेली. लेकीबद्दल मोठ्या सरांचं पत्र आहे म्हटल्यावर त्यांना ऐकायची हौस आली. मी मराठीत करून वाचत गेले. असामान्य बुद्धी, स्वतंत्र विचार, माझ्या इतक्या वर्षांच्या अध्यापनात अशी विद्यार्थिनी विरळा. वर पाहिलं तर अण्णांच्या डोळ्यांत पाणी.

"सर लई मनापासून बोलल्यात," ते म्हणाले.

"सर कशाला? मीच लिहिलंय. सर फक्त सही करणार."

"तू लिवलंस? तुझ्याबद्दल?"

"हो अण्णा. तशीच पद्धत असते."

अण्णांनी खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले. पंचा परत खांद्यावर टाकत म्हणाले, "मग सर काय करत्यात?"

अण्णांना उत्तर फारसं नको होतं. पाय पसरत म्हणाले, "आमच्यात ज्याचा माल त्याच्या हातात काटा देत न्हाईत. शेतकरी असू दे न्हाय तर आडत्या. इकणारा न्हाय, घेणारा न्हाय, तिसऱ्यानंच तोलायचं. न्हाय तर तोलणार ठेवलाय कशाला?" आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच समजूत घातल्यासारखं, "पण तुमच्यात तसं चालत असंल तर दे बाई. फुडं जायचंय तुला."

त्यांनी 'फाडून टाक' म्हटलं असतं तर मी भांडून तेच पत्र दिलं असतं. मी तशीच आहे. पण 'तुमच्यात चालत असंल तर' हे माझ्या जिव्हारी लागलं. कांद्याच्या गाळ्यावर जे चालत नाही ते आमच्यात, शिकल्यासवरलेल्यांत, चालतं. आणि त्यांच्या डोळ्यांतलं ते पाणी. आपलीच टिमकी वाजवून, नाव दुसऱ्याचं सांगून, मी माझ्या बापाला रडवलं होतं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, हा माझा जुना रोग आहे.

दुसऱ्या दिवशी मी थेट सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, पत्र तुम्हीच लिहा."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "का? इंग्रजीची अडचण आहे?"

"नाही सर. माझ्याबद्दल तुम्हाला खरं काय वाटतं ते हवंय. वाईट लिहिलंत तरी चालेल."

सर हसले. छान, मोकळे हसले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "वाईट लिहायला तरी तू मला आठवायला हवीस."

सर दुष्ट नव्हते, हे मी आजही सांगेन. चाळीस विद्यार्थी, तपासणी समित्यांचे कागद, रोजच्या बैठका. पण माझ्या प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मार्गदर्शक म्हणून त्यांचं नाव छापलेलं होतं. दोन वर्षं मी त्यांना दिवसातून दोनदा नमस्कार करत होते. मी विचारलं, "माझा विषय तरी आठवतो का सर?"

"बुरशी," सर म्हणाले. "पावावरची ना?"

"कांद्यावरची."

"तेच ते."

तेच ते? कांदा सोलताना पापुद्र्याखाली काजळीसारखं काळं दिसतं, ती बुरशी साठवणीत कशी पसरते यावर मी दोन वर्षं नाक मुठीत धरून काम केलं होतं. अण्णांच्या गाळ्यावरचे सडके कांदे पिशवीत घालून बसने कॉलेजात आणले होते. बसमध्ये शेजारचं माणूस उठून जायचं. माझ्या डोक्यात सणक गेली.

"मग राहू दे सर."

"राहू दे म्हणजे?"

"सही राहू दे."

सर चिडले की 'तू'वरून 'आपण'वर येत. "आणि पत्र कोणाचं देणार आपण?"

"ज्यांना मी आठवते त्यांचं," म्हणून मी प्रयोगशाळेत शिकवणाऱ्या मॅडमचं नाव सांगितलं.

"तासिका तत्त्वावरच्या बाईंचं?" सरांनी पुढचा कागद ओढला. "त्यांना लेटरहेड तरी आहे का? असो. शुभेच्छा. जाताना दार ओढून घ्या." मी दार सताड उघडं ठेवून आले.

तासिका तत्त्वावर म्हणजे तासागणिक नेमलेल्या शिक्षिका. आमच्या विभागात त्या सहा वर्षं शिकवत होत्या, पण त्यांना टेबल नव्हतं. प्रयोगशाळेतलं एक स्टूल होतं, त्यावर त्यांची पर्स असायची आणि त्या उभ्या. प्रकल्पातलं मला जे काही येतं ते सगळं त्यांनी शिकवलं, पण कुठल्याही कागदावर त्यांची सही चालत नव्हती. त्या वर्षी सत्र संपता संपता त्यांचे तास बंद झाले. राहायला त्या विश्रांतवाडीला, आणि आता शिकवायला वाघोलीच्या एका नव्या कॉलेजात जात होत्या. मी तिथेच गेले. कँटीनमध्ये त्या डबा खात होत्या.

"वेडी आहेस का?" सगळं ऐकून त्या म्हणाल्या. "माझ्या नावाला काय वजन? त्या फॉर्ममध्ये पद विचारतात, कॉलेजचा ईमेल विचारतात. माझ्याकडे दोन्ही नाही. मुकाट्याने सरांची सही घे."

"नाही घेणार."

"हट्ट करून कोणाचं नुकसान होईल?"

"माझं. होऊ दे."

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. "बरं. पण मग मी खरं लिहीन. आणि तुला दाखवणार नाही."

"चालेल."

"सगळं खरं," त्या म्हणाल्या, माझ्याकडे बघत. त्या कशाबद्दल बोलतायत ते मला कळलं.

प्रकल्पाच्या मधल्या काळातली गोष्ट. कांद्याचे साठ नमुने, प्रत्येकाच्या तीन काचेच्या बशा, ज्यांना आम्ही प्लेट म्हणतो. तीन-चार दिवसांनी प्रत्येक प्लेटवर बुरशीचे किती ठिपके उगवले ते मोजायचं, फोटो काढायचा, आकडा वहीत लिहायचा. एका नमुन्याची तिसरी प्लेट माझ्या हातून निसटली आणि फुटली. त्याच्या पहिल्या प्लेटवर चौदा होते, दुसरीवर सोळा. मी तिसरीपुढे पंधरा लिहून टाकलं. कोणाला कळणार होतं? संध्याकाळी मॅडमनी कचऱ्याच्या डब्यातल्या काचा पाहिल्या, त्यावरचं लेबल वाचलं, माझी वही उघडली आणि विचारलं, "हे पंधरा कुठून आले?" त्या ओरडल्या नाहीत. त्या आकड्यावर एक आडवी रेघ मारून त्यांनी माझ्याच हाताने शेजारी 'प्लेट फुटली' असं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "बाकीच्या सगळ्या प्लेटचे फोटो मला पाठव." मला वाटलं, ही शिक्षा. मी रात्री सगळे फोटो मोबाइलवर पाठवले. त्यावर पुढे त्या कधी एक अक्षर बोलल्या नाहीत.

"प्लेटचं पण लिहिणार?" मी विचारलं.

"प्लेटचं पण."

"मॅडम, एक आकडा होता तो."

"हो, एकच होता."

"ते वाचून मला कोण घेईल?"

"कदाचित नाही घेणार," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर म्हणते, सरांची सही घे. त्यांना काही माहीत नाही, ते छान पत्रावरच सही करतील."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. 'वाईट लिहिलंत तरी चालेल' असं मोठ्या तोऱ्यात सरांना सांगून आले होते, कारण सरांकडे लिहिण्यासारखं वाईट काही नव्हतं. इथे होतं, आणि लिहिणारी बाई शब्दाची पक्की होती. वाघोलीहून परत येताना नगर रस्त्यावर बस जिथल्या तिथे उभी, आणि मी आत धुमसत. पिशवीत ते पानभर कौतुक होतंच. उद्या सकाळी केबिनबाहेर उभं राहायचं, 'सॉरी सर' म्हणायचं, लेटरहेड घ्यायचं, संपलं. बसमधल्या त्या तासाभरात मी तीनदा तसं ठरवलं, हे कबूल करते.

घरी अण्णांनी विचारलं, "झालं का काम?" मी त्यांच्यावरच उखडले. म्हटलं, तुमच्या त्या काट्यापायी हे सगळं. आणि मग प्लेटचंही सांगून टाकलं, जे तोवर घरात कोणालाच माहीत नव्हतं.

अण्णांनी ऐकून घेतलं. "खोटा आकडा लिवला होतास?"

"हो."

"मग ती बाई बराबर तोलती," ते म्हणाले आणि जेवायला वाढ म्हणाले.

मला त्यांचा राग आला, मॅडमचा आला, सरांचा तर होताच. पण भाकरी थापता थापता एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जाईना. माझी ती चूक तोवर अख्ख्या पुण्यात एकाच माणसाला ठाऊक होती, कारण माझं काम बघणारं माणूसही तेवढं एकच होतं. सरांकडून कौतुक मिळालं असतं ते माझ्याच पदरचं. जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप उघडला, शिक्षकाच्या रकान्यात मॅडमचा साधा ईमेल भरला, 'हे पत्र मी पाहायला मागणार नाही' या ओळीपुढे खूण केली आणि अर्ज पाठवून दिला. हे काही थोरपण नव्हतं. सरांच्या दारात पुन्हा उभं राहायचं नाही, एवढा एक माज होता. माज वाईट म्हणतात. त्या दिवशी मला तोच कामी आला.

महिन्याभराने व्हिडिओवर मुलाखत झाली. आतल्या खोलीत मी, बाहेर दाराशी अण्णा पहारा देत, कोणी कुकर लावू नये म्हणून. पडद्यावर तिघं जण. कामाबद्दल बरेच प्रश्न झाले आणि मग त्यांच्यातल्या वयाने मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमच्या शिक्षिकेने लिहिलंय की तुम्ही एकदा न मोजलेला आकडा वहीत लिहिलात. खरं आहे?"

आता लपवायचं तरी काय होतं? "खरं आहे," म्हटलं. "प्लेट फुटली होती. चौदा आणि सोळा होते, म्हणून मी पंधरा लिहिलं."

"का?"

"घाई होती. आणि वाटलं, कोण बघतंय."

"मग?"

"बघत होतं कोणीतरी."

बाई हसल्या नाहीत. समोरच्या कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "पुढची ओळ मी तुम्हाला वाचून दाखवते. खरं तर दाखवू नये." त्यांनी इंग्रजीत वाचलं, मला ते मराठीत आठवतं: 'यानंतर तिच्या उरलेल्या एकशे एकोणऐंशी प्लेट मी फोटोंवरून स्वतः पुन्हा मोजल्या. एकही आकडा खोटा निघाला नाही.'

पुढे त्यांनी काय काय विचारलं ते मला धड आठवत नाही. मी उत्तरं दिली असणार, कारण मला जागा मिळाली.

कॉलेजात कळल्यावर विभागाने सत्कार ठेवला. सर माझ्याबद्दल पाच मिनिटं बोलले, 'आमची गुणी विद्यार्थिनी' वगैरे, आणि गुच्छ द्यायला पुढे आले. मी तो घेता घेता हळूच विचारलं, "सर, माझा विषय कोणता?" सरांनी गुच्छ माझ्या हातात दिला आणि फोटोसाठी समोर बघितलं. कोणी म्हणेल, उद्धटपणा झाला. झाला असेल. मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

मॅडमना मात्र मी मुलाखत संपल्या संपल्याच फोन केला होता, निकालाची वाट न बघता. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता.

"मॅडम, सगळ्या प्लेट मोजल्यात तुम्ही? कधी?"

"बसमध्ये," त्या म्हणाल्या. "विश्रांतवाडी ते कॉलेज. रोज आठ-दहा व्हायच्या."

"पण का? सही सरांची होती, मार्गदर्शक सर होते. तुमचं तर कुठे नावही नव्हतं."

पलीकडे घंटा वाजली. "नाव नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "पण मोजायला मीच शिकवलं होतं ना तुला? ठेवते आता, तास आहे."